गरम प्लग, थंड प्लग: गोंधळाची पार्श्वभूमी

छोट्या पेट्रोल गाडीचा स्पार्क प्लग, म्हणजे सिलिंडरमध्ये ठिणगी पाडून पेट्रोल पेटवणारा भाग, साफ करायचा की बदलायचा, यावर ठाण्यात आजही एकमत नाही. वागळे इस्टेटमधले जुने हात म्हणतात, "काढून घासू, गॅप लावू, अजून वर्षभर जाईल." गॅप म्हणजे प्लगच्या दोन टोकांमधली फट, तिच्यातच ठिणगी पडते. सर्व्हिस सेंटरवाला किलोमीटर बघतो आणि नवा टाकायला सांगतो. हे नुसतं दोन माणसांचं भांडण नाही. दोघं दोन वेगळ्या काळांतल्या इंजिनांवर शिकले आहेत.

ठिणगीवर चालणारं इंजिन युरोपात 1860 मध्ये आलं. 1902 मध्ये जर्मनीत उच्च दाबाच्या मॅग्नेटोबरोबर (ठिणगीसाठी वीज तयार करणारं यंत्र) आजच्या रूपातला प्लग आला. आपल्या घरांपर्यंत मात्र तो खऱ्या अर्थाने पोहोचला डिसेंबर 1983 नंतर, मारुती 800 मुळे. 796 सीसी, तीन सिलिंडर, पेट्रोल हवेत मिसळायला कार्ब्युरेटर, ठिणगी वेळेवर वाटायला डिस्ट्रिब्युटर आणि पॉइंट. थंडीत चोक ओढला की मिश्रण जाड व्हायचं, म्हणजे हवेच्या मानाने पेट्रोल जास्त जायचं, आणि प्लगवर काजळी धरायची. त्यात पेट्रोलमध्ये शिसं, त्याचा थर प्लगच्या आतल्या पांढऱ्या पोर्सेलिनवर बसायचा. दर पाच-सहा हजार किलोमीटरला प्लग काढून घासणं हा त्या काळचा शहाणपणाच होता. गॅप लावायला फीलर गेज (फट मोजायच्या पातळ पट्ट्या) नसेल तर हेक्सा ब्लेड, म्हणजे लोखंड कापायच्या करवतीचं पातं. ते साधारण 0.65 मिमी जाडीचं, आणि तेव्हाची गॅप 0.7 ते 0.8 मिमी. किंचित सैल ठेवलं की काम भागायचं.

मग सगळं एका दमात बदललं. एप्रिल 1995 पासून मुंबईसह चार महानगरांत नव्या पेट्रोल गाड्यांना धूर स्वच्छ करणारा कॅटॅलिटिक कन्व्हर्टर आला. फेब्रुवारी 2000 पासून देशभर शिसंमुक्त पेट्रोल. त्याच सुमारास छोट्या गाड्यांत कार्ब्युरेटर जाऊन पेट्रोल फवारणारं इंजेक्शन आलं. इग्निशन जोरकस झालं, गॅप अनेक इंजिनांत 1.0 ते 1.1 मिमीवर गेली. हेक्सा ब्लेड मात्र गॅरेजच्या खणात तसंच राहिलं. नव्या इंजेक्शनच्या गाडीत त्या मापाने गॅप लावली, की ठिणगी आखूड पडते आणि आयडलिंगला, म्हणजे गाडी उभी असताना, इंजिन थरथरतं. मी हे ओपन बॉनेटसमोर उभं राहून अनेकदा पाहिलं आहे.

प्लगचा रंग वाचायची विद्याही तेव्हाच जुनी झाली. शिसं असताना प्लगच्या पोर्सेलिनच्या नाकावर तपकिरी-राखाडी झाक दिसायची आणि ती बघून मिश्रण बरोबर आहे असं म्हणायचे. शिसंमुक्त पेट्रोलवर तब्येतीने चालणाऱ्या इंजिनाचा प्लगही फिकट दिसतो. तो बघून "गाडी पेट्रोल कमी घेतेय" असा निष्कर्ष काढला, की नसलेला आजार शोधणं सुरू होतं.

पण सगळ्यात जास्त नुकसान केलं ते "गरम" आणि "थंड" या दोन शब्दांनी. गरम प्लग म्हणजे जोरदार ठिणगी, असं काउंटरवर सर्रास सांगतात. ठिणगीचा आणि या शब्दाचा काही संबंध नाही. प्लगचं टोक स्वतःची उष्णता सिलिंडर हेडला किती लवकर देऊन टाकतं, एवढंच त्यात आहे. आतल्या पोर्सेलिनचं नाक लांब असेल तर उष्णतेला वाट लांब पडते, टोक तापलेलं राहतं: तो गरम प्लग. नाक आखूड असेल तर उष्णता पटकन निघून जाते: तो थंड. टोक साधारण 450 ते 500 अंशांच्या वर राहिलं तर काजळी आपोआप जळते. 850 च्या आसपास गेलं तर ठिणगी पडायच्या आधीच मिश्रण पेटू लागतं. सगळी निवड या दोन टोकांमधली.

आकड्यांनी गोंधळ आणखी वाढवला. जपानी कंपन्यांत आकडा मोठा तितका प्लग थंड. जर्मन आणि अमेरिकन पद्धतीत उलट, आकडा मोठा तितका गरम. साधारण तेवढाच गरम-थंड असलेला प्लग एका डबीवर 6, दुसरीवर 7 आणि तिसरीवर 20 म्हणून येतो. एक नंबर इकडेतिकडे चालतो, असं म्हणून दुकानदार दुसऱ्या कंपनीचा देतो आणि प्लग नेमका उलट्या दिशेला सरकतो. माझ्या मते आपल्याकडे प्लगबाबत झालेल्या चुकांपैकी निम्म्या या डबीपाशीच होतात. मॅन्युअलमधला पूर्ण कोड, अक्षरांसकट, कागदावर लिहून न्यावा.

हे सगळं पुन्हा उफाळलं ते सीएनजीमुळे. ठाणे-नवी मुंबईत पंपांपुढच्या रांगा वाढल्या तशी जुन्या पेट्रोल गाड्यांना किट बसू लागली. सीएनजी पेटवायला व्होल्टेज जास्त लागतं, म्हणून अनेकदा गॅप थोडी कमी ठेवतात, आणि कधी एक पायरी थंड प्लग सुचवतात. पण तीच गाडी माजिवडा ते कापूरबावडी अशा छोट्या फेऱ्या पेट्रोलवर मारत असेल, तर थंड प्लग तापतच नाही आणि काजळी धरतो. तक्रार दोन्ही बाजूंची खरी असते.

नंतर आले टोकाला इरिडियम धातू असलेले प्लग. साध्या निकेल प्लगचं मधलं टोक सुमारे 2.5 मिमी जाड, याचं 0.4 ते 0.6. निकेल 30-40 हजार किलोमीटर, इरिडियम लाखापर्यंत. जुन्या सवयीने एका गॅरेजमध्ये माझ्या गाडीच्या प्लगवर वायर ब्रश फिरवला आणि गॅप कमी करायला टोक ठोकलं. पेन्सिलीच्या शिशाएवढी ती तुटलेली बारीक काडी चिमटीत घेऊन मी बराच वेळ बघत राहिलो. चारपैकी तीन प्लग अजून पन्नास हजार किलोमीटर सहज चालले असते.

पावसाळ्यात प्लगच्या खोल विहिरीत पाणी जाणं हे तर ठिणगीचं व्होल्टेज बनवणारी कॉइल प्लगच्या डोक्यावर आल्यापासूनचं दुखणं. जुलैमध्ये वॉशिंगवाल्याने प्रेशरने इंजिन धुतलं, की ठाणे-बेलापूर रोडवर मिसिंग, म्हणजे इंजिनाचे ठोके चुकणं, सुरू. अशा वेळी प्लग निर्दोष असतो. आधी विहीर हवेने कोरडी करायची, इंजिन पूर्ण गार होऊ द्यायचं, मगच पाना लावायचा. तापलेल्या अॅल्युमिनियम हेडमधून ओढला तर आटे जातात, आणि आट्यांचं काम प्लगच्या किमतीच्या कितीतरी पट पडतं. बसवताना पहिले आटे बोटांनीच. वॉशरचा नवा प्लग हाताने टेकला, की पुढे साधारण अर्धा फेरा पुरतो.