हौशी ट्रॅक-ड्रायव्हिंग : चालकाची सुरक्षासाधने आणि शिक्षण (कोल्हापूर)

हौशी ट्रॅक-ड्रायव्हिंग : स्वतःची, बहुतेक वेळा रोजच्या वापरातलीच मोटार बंदिस्त ट्रॅकवर शर्यत न लावता वेगात चालवण्याचा प्रकार. अशा दिवसाला सर्रास 'ट्रॅक डे' म्हणतात. इथे नंबर काढत नाहीत, बक्षीस नसते आणि शिस्तीच्या आयोजनात फेरीची वेळही मोजू देत नाहीत. समोरून येणारे वाहन नाही, आडवे जाणारे जनावर नाही, स्पीडब्रेकर नाही. एवढ्यावरून ट्रॅक हा रस्त्यापेक्षा सुरक्षित, असा समज होतो. तो निम्माच खरा आहे, कारण रस्त्यावर ज्या वेगाला कोणी सहसा जात नाही तो वेग इथे दर फेरीला गाठला जातो.

कोल्हापूरला यंत्रांचा आणि गाड्यांचा नाद जुना. शिरोली, गोकुळ शिरगावच्या फाउंड्र्यांतून वाहन उद्योगाला ओतीव भाग जातात आणि इंजिन उघडून पुन्हा बसवणारे मिस्त्री उद्यमनगरात गल्लोगल्ली सापडतात. कार्टिंगच्या (कार्ट म्हणजे बिनछताची, जमिनीलगतची छोटी शर्यतगाडी) राष्ट्रीय स्पर्धेच्या फेऱ्या झालेला मोहिते रेसिंग अकॅडमीचा ट्रॅक इथलाच. फोक्सवॅगनच्या एकाच मॉडेलच्या गाड्यांच्या शर्यतींत उतरलेले ध्रुव मोहिते आणि ब्रिटिश फॉर्म्युला थ्री मालिकेत गाडी चालवलेले कृष्णराज महाडिक हेही कोल्हापूरचेच. मात्र कार्टचा ट्रॅक वेगळा आणि पूर्ण आकाराची मोटार मोकळी सोडता येईल असा ट्रॅक वेगळा. चेन्नईजवळ इरुंगट्टुकोट्टई इथे ३.७ कि.मी.चा, कोइम्बतूरजवळ २.१ कि.मी.चा कारी मोटर स्पीडवे आणि ग्रेटर नोएडाचा ५.१२५ कि.मी.चा बुद्ध सर्किट ही देशातली जुनी जाणती ठिकाणे. त्यांतला चेन्नईचा ट्रॅक कोल्हापूरवरून जाणाऱ्या राष्ट्रीय महामार्ग ४८ वरच आहे. अंतर मात्र ९०० कि.मी.च्या आसपास.

सामग्रीचा सगळा विचार या अंतरापासून सुरू करावा लागतो. इथला हौशी चालक ज्या गाडीने ट्रॅकवर उतरणार, त्याच गाडीने तो महामार्गाने जाणार आणि परत येणार. मोटार वाहन कायद्याचे कलम ५२ गाडीच्या मूळ रचनेत बदल करू देत नाही. २०१९ मध्ये सर्वोच्च न्यायालयानेही तीच भूमिका घेतली. त्यामुळे मागची सीट काढून छत तोलणारा पाइपांचा पिंजरा बसवलेली गाडी ट्रेलरवर घालून न्यावी लागते. ज्याची ती ऐपत नाही, त्याने परदेशी चित्रफिती पाहून खरेदीची यादी करू नये.

हेल्मेट. पहिला खर्च हेल्मेटचा, आणि तिथेच गफलत होते. घरात असलेले आयएसआय छापाचे, म्हणजे आयएस ४१५१ मानकाचे हेल्मेट दुचाकीसाठी असते. दुचाकीवरून पडलेला माणूस रस्त्यावर आपटून घसरत जातो. मोटारीतल्या माणसाचे डोके मात्र एकाच लोखंडी पाइपावर किंवा दाराच्या खांबावर पुन्हा पुन्हा आदळू शकते, शिवाय आगीची शक्यता असते. म्हणून अमेरिकेतल्या स्नेल फाउंडेशनने (स्थापना १९५७, शर्यतीत मरण पावलेल्या पीट स्नेल यांच्या नावाने) दोन वेगळी मानके ठेवली : मोटारसायकलसाठी 'एम' आणि मोटारशर्यतीसाठी 'एसए'. एसए हेल्मेटचे अस्तर सहज पेट घेत नाही आणि पिंजऱ्याच्या पाइपावर आदळण्याची चाचणीही त्याला पार करावी लागते. एसए २०१५, एसए २०२० असा शिक्का आत अस्तराखाली असतो. विकणाऱ्याच्या तोंडी हवाल्यावर न जाता अस्तर उचलून तो पाहावा.

माप घेताना भुवयांच्या वर बोटभर अंतरावरून फीत फिरवतात. हेल्मेट घालून डावी-उजवीकडे हलवले की गालाची कातडी त्याच्याबरोबर सरकली पाहिजे. कातडी जागेवर राहून हेल्मेटच फिरत असेल, तर ते मोठे आहे. मग पट्टा आवळून मागच्या कडेला धरून पुढे ओढून पाहायचे. डोक्यावरून निघाले तर दुकानातच ठेवायचे. एकदा जोरात आपटलेले हेल्मेट वरून कितीही चकचकीत दिसले तरी आतला फोम दबलेला असतो. ते भावाला किंवा मित्राला 'तात्पुरते' देऊ नये.

पट्टा, सीट, पिंजरा आणि मानेचे साधन. या चार गोष्टी वेगवेगळ्या विकत मिळतात, पण काम एकत्रच करतात. कारखान्यातून आलेल्या गाडीत तीन ठिकाणी बांधलेला पट्टा, मागे झुकू शकणारी सीट आणि एअरबॅग यांचा मेळ घातलेला असतो. त्यातला पट्टा तेवढा काढून चार ठिकाणी बांधायचा हार्नेस लावला की दोन गोष्टी घडतात. धडकेत खांद्याचे पट्टे कमरेचा पट्टा वर ओढतात. तो ओटीपोटाच्या हाडावरून निसटून पोटात रुततो आणि माणूस खालून पुढे सरकतो. हे रोखायला मांड्यांमधून येणारा पाचवा-सहावा पट्टा लागतो, आणि तो घ्यायला खाली भोक असलेली बकेट सीट, म्हणजे अंगाला धरून ठेवणारी खोलगट सीट, लागते. दुसरे, गाडी उलटून छत दबले तर साध्या पट्ट्यातला माणूस बाजूला झुकू शकतो, हार्नेसमधला ताठच बसून राहतो. म्हणजे हार्नेस घेतला की छत तोलणारा पिंजरा आलाच.

पिंजऱ्याचे काम उद्यमनगरातला कुठलाही वेल्डर करून देईल, दिसेलही देखणे. पण आंतरराष्ट्रीय मोटारक्रीडा संघटनेच्या, म्हणजे एफआयएच्या नियमात मुख्य कमानीसाठी ४५ मि.मी. व्यासाची २.५ मि.मी. जाडीची किंवा ५० मि.मी. व्यासाची २ मि.मी. जाडीची, न तापवता ओढून बनवलेली, बिनजोडाची पोलादी नळी लागते. गेटसाठी वापरतात तो शिवणीचा पाइप वाकवला की शिवणीवरच फाटू शकतो. शिवाय रोजच्या गाडीत पिंजरा बसवून हेल्मेटशिवाय बाजारात फिरणे म्हणजे डोक्याशेजारी लोखंडी दांडा बांधून फिरणे.

हार्नेसने धड घट्ट धरले की पुढच्या धडकेत डोके एकटेच पुढे फेकले जाते आणि कवटीचा तळ तडकण्याचा धोका वाढतो. त्यावर अमेरिकेतले जैवयांत्रिकीचे प्राध्यापक रॉबर्ट हबर्ड आणि त्यांचे मेहुणे, शर्यतपटू जिम डाउनिंग यांनी १९८० च्या दशकात 'हान्स' हे खांद्यावर बसणारे, हेल्मेटला दोऱ्यांनी जोडलेले साधन तयार केले. बरीच वर्षे चालकांनी ते अडगळ म्हणून टाळले. फेब्रुवारी २००१ मध्ये अमेरिकेतल्या डेटोनाच्या शर्यतीत नामवंत चालक डेल अर्नहार्ट यांचा मृत्यू झाल्यावर मत फिरले, आणि २००३ पासून फॉर्म्युला वनमध्ये ते सक्तीचे झाले. हान्स खांद्याच्या दोन्ही पट्ट्यांखाली दाबून धरलेले असते, म्हणून गाडीच्या मूळ तीन-ठिकाणी पट्ट्याबरोबर ते वापरता येत नाही.

थोडक्यात, एक तर सगळे मूळचे ठेवावे, नाहीतर सगळे बदलावे. मधली वाट, म्हणजे मूळ सीट आणि वर रंगीत हार्नेस, ही सगळ्यांत वाईट. आणि फोटोत शोभते म्हणून सगळ्यांत जास्त दिसणारीही तीच. महामार्गाने जाणाऱ्या कोल्हापूरकराला मूळ पट्टाच बरा. तो घट्ट बसवायची एक युक्ती शिकवली जाते : सीट दोन-तीन खाचा मागे घ्यायची, पट्टा लावून खांद्याजवळ झटका देऊन अडकवायचा आणि तसाच धरून सीट पुढे सरकवायची. कमरेचा पट्टा पोटावर नको, कमरेच्या हाडांवर हवा.

कपडे. आगरोधक सूट शर्यतीत सक्तीचा, ट्रॅक डेला बहुतेक ठिकाणी ऐच्छिक. सूटमुळे माणूस जळायचा राहत नाही, त्याला बाहेर पडायला वेळ मिळतो. अमेरिकी एसएफआय मानकात ३.२ए/१ दर्जाचा सूट साधारण ३ सेकंद आणि ३.२ए/५ दर्जाचा साधारण १० सेकंद दुसऱ्या पातळीचे, म्हणजे फोड येण्याइतके, भाजणे लांबवतो. सूट नसेल तर पूर्ण बाह्यांचा सुती सदरा आणि सुती पँट घालावी. पॉलिएस्टरचे टी-शर्ट वितळून कातडीला चिकटतात. पायात पातळ तळव्याचे, घट्ट बांधलेले बूट. कोल्हापुरी चप्पल कितीही अभिमानाची असली तरी ती पेडलखाली अडकते, तिला पॅडॉकमध्येच (ट्रॅकबाहेर गाड्या उभ्या करायच्या आवारात) ठेवावे.

कार्टिंगचा अपवाद. कोल्हापुरात बहुतेकांची, विशेषतः मुलांची, सुरुवात कार्टवर होते, आणि तिथले नियम वर सांगितलेल्यांच्या अगदी उलट वाटतात. साध्या कार्टला पट्टा नसतो, कारण डोक्यावर पिंजरा नसतो. उलटलेल्या कार्टखाली बांधून राहण्यापेक्षा बाहेर फेकले जाणे परवडते. सूट आगीसाठी नसून खरचटण्यापासून बचाव करणारा असतो. सीट कडक असल्याने बरगड्यांना जॅकेट लागते. सगळ्यांत महत्त्वाचे, पाठीमागे उघडा फिरणारा आस (ॲक्सल) असतो. मोकळे केस, ओढणी, मफलर, जॅकेटची लोंबती दोरी त्यात गुंतून देशात जीव गेले आहेत. केस बांधून हेल्मेटच्या आत आणि ओढणी घरी, यात 'एकच फेरी आहे' ही सवलत चालत नाही.

शिक्षण. सामानापेक्षा हा भाग मोठा आहे आणि यावर खर्च करायला माणूस सगळ्यात कंजूष असतो. तालमीत वस्ताद नव्या पोराला महिनोन्‌महिने जोर-बैठका काढायला आणि आखाड्याची मातीच खणायला लावतो, लगेच फडात सोडत नाही. इथला क्रमही तोच. आधी वर्गातले बोलणे, मग ओल्या किंवा निसरड्या गोल जागेवर कमी वेगात गाडी घसरू देऊन सावरणे, मग प्रशिक्षकाला शेजारी बसवून ट्रॅक.

वर्गात पहिले बसणे शिकवतात. पाठ सीटला टेकलेली असताना मनगट स्टिअरिंगच्या वरच्या कडेवर पडले पाहिजे आणि ब्रेक पूर्ण दाबल्यावरही गुडघा थोडा वाकलेला राहिला पाहिजे. हात घड्याळातल्या नऊ आणि तीनवर. घाटात एक हात खिडकीत ठेवून पन्हाळा चढायची सवय असलेल्याला याचाच त्रास जास्त होतो.

मग झेंडे. पिवळा म्हणजे पुढे धोका, वेग कमी, ओलांडणे बंद. पिवळ्यावर लाल उभे पट्टे म्हणजे पुढे तेल किंवा पाणी सांडलेले. निळा म्हणजे मागून वेगवान गाडी आली आहे. काळ्यावर नारिंगी गोल म्हणजे तुमच्याच गाडीत बिघाड आहे, आत या. लाल म्हणजे सत्र थांबले. करकचून ब्रेक न मारता, आरसा पाहून वेग उतरवायचा आणि सांगितल्याप्रमाणे आत यायचे. ओलांडणे ठरलेल्या सरळ भागातच, आणि पुढच्याने हाताने बाजू दाखवल्यावरच. महामार्गावरचा डिपर-हॉर्नचा व्यवहार इथे आणला की आयोजक पहिल्यांदा समज देतात आणि दुसऱ्यांदा घरी पाठवतात.

वळणाचे शास्त्र एका वाक्यात सांगता येते, अंगात यायला वेळ लागतो : ब्रेक सरळ असताना, नजर वळणाच्या आतल्या टोकावर, आणि नवख्याने ते टोक थोडे उशिराच गाठावे, म्हणजे बाहेर पडताना रस्ता शिल्लक राहतो. टायरची पकड ठरावीक असते. ती ब्रेकमध्ये पूर्ण खर्च केली तर वळायला उरत नाही. वळणात घाबरून ॲक्सिलरेटर एकदम सोडला की वजन पुढे जाते, मागची चाके हलकी होतात आणि गाडी शेपूट फिरवते. फिरलीच, आणि आवरेना, तर क्लच आणि ब्रेक दोन्ही पूर्ण दाबून धरायचे, म्हणजे ती कुठे जाणार हे मागच्यांना कळते. दोन चाके मातीत गेली तर झटक्याने परत ओढायची नाहीत; स्टिअरिंग सरळ ठेवून, वेग उतरू देऊन मग यायचे. उलटण्याचे कितीतरी प्रसंग त्या झटक्यातून ओढवतात.

वेगाचा हिशोब डोक्यात बसवणे हेही शिक्षणच. चांगले टायर आणि कोरडा रस्ता धरला तर १०० कि.मी. वेगावरून थांबायला सुमारे ५० मी. लागतात, १४० वरून जवळजवळ दुप्पट. वेग दीडपटही झालेला नसतो.

बहुतेक चुका दिवसाच्या शेवटी होतात. पंधरा-वीस मिनिटांचे सत्र मजेचे वाटते, पण हेल्मेटमध्ये घाम येऊन पाणी कमी होते, लक्ष सैल पडते आणि नेमका तेव्हाच आत्मविश्वास वाढलेला असतो. शेवटचे सत्र सोडून देणारा चालक प्रशिक्षकांच्या लेखी शहाणा.

गाडी. गाडीतले सुटे सामान सगळे काढायचे : जॅक, मॅट, गणपतीची मूर्ती, पाण्याची बाटली. ब्रेक पेडलखाली घरंगळलेली बाटली ही ऐकीव गोष्ट नव्हे. ब्रेक ऑइल हवेतली ओल शोषते, म्हणून ताजे भरावे. डॉट ३ (डॉट हा ब्रेक ऑइलचा दर्जा) नवे असताना २०५ अंश सेल्सिअसला उकळते, डॉट ४ २३० ला. ओल शोषलेले डॉट ३ मात्र १४० लाच. आत वाफ झाली की पेडल स्पंजासारखे खाली जाते. कोकणच्या बाजूचा पाऊस अंगावर घेणाऱ्या जिल्ह्यात दोन-तीन वर्षांचे ऑइल घेऊन ट्रॅकवर जाणे धाडसाचे. शेवटची फेरी ब्रेक न वापरता सावकाश मारतात, आणि आत आल्यावर तापलेल्या चाकांवर हँडब्रेक ओढत नाहीत. गाडी गिअरमध्ये ठेवून चाकाला दगड लावतात.

कायदा आणि विमा. सार्वजनिक रस्त्यावर शर्यत लावणे मोटार वाहन कायद्याच्या कलम १८९ खाली गुन्हा आहे; २०१९ च्या दुरुस्तीनंतर पहिल्या वेळी तीन महिन्यांपर्यंत कैद किंवा पाच हजारांपर्यंत दंड, किंवा दोन्ही. ट्रॅकवर हा प्रश्न नसतो, पण विम्याचा असतो. खासगी मोटारीच्या नेहमीच्या पॉलिसीत शर्यत आणि वेगचाचणी यांसाठीचा वापर वगळलेला असतो. ट्रॅक डे ही शर्यत नव्हे, असा वाद कंपनीशी घालता येईल, पण ठोकलेल्या गाडीचे बिल तोवर आपल्याच खिशातून जाते. आयोजक लिहून घेतात त्या कागदावर सही करण्याआधी तो वाचावा. रुग्णवाहिका आणि डॉक्टर ट्रॅकवर हजर आहेत का, हे तोंडी विचारावे.

परतीच्या आधी चाकांचे नट टॉर्क रेंचने (ठरावीक जोर मोजून आवळणाऱ्या पान्याने) पुन्हा आवळणे, टायरची हवा थंड झाल्यावर मोजून रस्त्याच्या मापावर आणणे आणि ब्रेक पॅडची जाडी पाहणे एवढे तरी करावे. पॅड एका दिवसात संपू शकतात आणि रविवारी संध्याकाळी परक्या गावात नेमके आपल्या गाडीचे पॅड मिळत नाहीत, म्हणून एक जादा जोड डिकीत टाकूनच कोल्हापूर सोडावे.