दीर्घिकांच्या जडणघडणीची संगणकीय सदृशीकरणे

दीर्घिका (आपल्या आकाशगंगेसारखे ताऱ्यांचे प्रचंड समूह) कशा जमल्या, वाढल्या, एकमेकींत कशा मिसळल्या हे भौतिकीचे नियम संगणकाला देऊन पुन्हा घडवून पाहण्याची पद्धत. बोलताना सगळे ‘सिम्युलेशन’च म्हणतात.

त्याची गरज का पडते, हे रावेरहून भुसावळकडे गाडीने येताना खिडकीतून कळते. एका शिवारात केळीची नुकती लागण, पुढे कमरेएवढी रोपे, मग निसवलेली बाग, कुठे घड उतरवून उभी राहिलेली खोडे. एकही झाड आपल्यादेखत वाढत नाही, क्रम आपण लावतो. दुर्बिणीतही असेच : प्रकाशाला पोचायला वेळ लागतो, म्हणून जितकी दीर्घिका दूर, तितके तिचे रूप जुने. फरक इतकाच की शेतकरी वर्ष-सव्वा वर्ष थांबून खात्री करू शकतो. दीर्घिकेच्या स्वतःभोवतीच्या एका फेरीलाच कोट्यवधी वर्षे लागतात.

पहिला नामी प्रयोग संगणकाशिवाय झाला. १९४१ मध्ये स्वीडनच्या एरिक होल्मबर्ग यांनी एकेका दीर्घिकेसाठी ३७ दिवे मांडले. प्रकाश आणि गुरुत्वाकर्षण दोन्ही अंतराच्या वर्गाच्या व्यस्त प्रमाणात घटतात, म्हणून दिव्याच्या जागी प्रकाशमापक ठेवून ओढ मोजायची आणि दिवे हाताने सरकवायचे! १९७२ मध्ये अलार व युरी टूम्रे या भावांनी संगणकावर दाखवले की जवळून गेलेल्या दीर्घिकांना लांब शेपट्या फुटतात.

आजची सदृशीकरणे विश्वाच्या बाल्यावस्थेतील घनतेच्या बारीक चढउतारांपासून सुरू होतात. कृष्णद्रव्य (न दिसणारे, फक्त गुरुत्वाने जाणवणारे द्रव्य) गुरुत्वाने आकसते आणि पिंजलेल्या कापसासारखे तंतूंचे जाळे उमटते. गाठींमध्ये दीर्घिका धरतात. २००५ च्या ‘मिलेनियम’ नावाच्या सदृशीकरणात कृष्णद्रव्याचे सुमारे १,००० कोटी कण होते, पण वायू नव्हता, दीर्घिका नंतर हिशेबाने बसवल्या.

खरी डोकेदुखी वायूची. तो थंड होतो, खाली बसतो आणि मोकळे सोडले तर भसाभस तारे होतात, प्रत्यक्षाहून कितीतरी जास्त. त्याला आवर घालायला लहान दीर्घिकांत सुपरनोव्हांचे (मरणाऱ्या ताऱ्यांचे) स्फोट आणि मोठ्यांत मधल्या कृष्णविवराची ऊर्जा घालावी लागते. २०१४ च्या ‘इलस्ट्रिस’ या सदृशीकरणात वायूचा एकेक कप्पा साधारण दहा लाख सूर्यांच्या वस्तुमानाचा होता, तेव्हा एकटा स्फोट त्यात दिसणार कुठून? त्यासाठी ठोकताळे वापरतात आणि त्यांचे आकडे निरीक्षणांशी जुळवून ठरवतात. म्हणून ज्या निरीक्षणाशी आकडे जुळवले, त्याच्याशी उत्तर जुळले याचे फार कौतुक करू नये. न जुळवलेली गोष्ट बरोबर आली तर दाद द्यावी.

‘इलस्ट्रिस’च्या मुख्य गणिताला एका साध्या संगणकावर सुमारे दोन हजार वर्षे लागली असती. त्यानंतरच्या ‘इलस्ट्रिसटीएनजी’ची माहिती २०१८ अखेरीपासून टप्प्याटप्प्याने खुली झाली. जळगावच्या विद्यार्थ्यालाही नाव नोंदवून ती मिळते. मात्र मोठ्या सदृशीकरणातले एकच क्षणचित्र (एका क्षणाची सगळी नोंद) टेराबाइटच्या घरात असल्याने, हव्या त्या एका दीर्घिकेपुरता तुकडा मागवलेला बरा.