ड्रिलिंग यंत्रावरील सुरक्षितता

धातूला भोक पाडताना फिरते स्पिंडल (ड्रिलला फिरवणारा दांडा), सुटलेला जॉब (भोक पाडायचा तुकडा) आणि उडणारा कीस (कापले गेलेले धातूचे तुकडे) यांपासून कामगाराला इजा होऊ नये यासाठी घ्यावयाची काळजी. प्रस्तुत नोंदीत बैठकीवर उभारलेली यंत्रे गृहीत धरली आहेत. हातड्रिलचा विचार केलेला नाही.

धोक्याचा मोठा भाग ड्रिलच्या, म्हणजे भोक पाडणाऱ्या हत्याराच्या, आकारातूनच येतो. सर्पिल खाचांच्या ड्रिलचे श्रेय बहुधा अमेरिकेतील स्टीव्हन ए. मोर्स यांना देतात. शोधाचे वर्ष काही ठिकाणी १८६१, तर काही ठिकाणी १८६३ असे आढळते. पेटंट १८६३ चे असल्याने तेच धरणे अधिक सुरक्षित. स्विस अभियंता मार्तिन्योनी यांच्या बाजूनेही असाच दावा केला जातो. जुने चपटे ड्रिल दाबून पुढे न्यावे लागे. सर्पिल ड्रिल मात्र स्वतःच धातूत ओढले जाते. टोक पलीकडे निघताच समोरचा रोध एकदम कमी होतो, धारा खोल रुततात आणि जॉब घट्ट बांधलेला नसेल तर ड्रिलबरोबर गरगरतो. पितळेत व पातळ पत्र्यात हे विशेष घडते. म्हणून पितळेसाठी धारेचा पुढचा कोन तेलदगडाने (धार लावण्याच्या दगडाने) किंचित मोडतात, पत्र्याखाली लाकूड देऊन पत्रा व लाकूड क्लॅम्पने आवळतात आणि शेवटच्या टप्प्यात दाब हलका करतात. जॉब पकडणारा व्हाइसही यंत्राच्या टेबलाला बोल्टने बांधलेला हवा. लांब पट्टी डावीकडे काढून यंत्राच्या खांबाला टेकवल्यास ती फिरू लागताच खांबावर अडते. हा उपाय क्लॅम्पच्या जोडीने करावा, त्याऐवजी नव्हे.

फिरण्याचा वेग ड्रिलच्या व्यासानुसार ठरतो. हायस्पीड स्टीलच्या (तापले तरी धार टिकवणाऱ्या पोलादाच्या) १० मिमी ड्रिलला सौम्य पोलादात कर्तनवेग (ड्रिलच्या कडेचा वेग) मिनिटाला २५ मी. धरला, तर मिनिटाला सुमारे ८०० फेरे येतात. व्यास दुप्पट झाला की फेरे निम्म्यावर आणावेत.

हातमोज्यांबाबत मतभेद दिसतो. कीस धारदार असल्याने ते हवेत, असे काही जण म्हणतात; परंतु मोजा स्पिंडलमध्ये गुंतला तर बोटासह ओढला जातो. त्यामुळे यंत्र चालू असताना मोजे नकोत आणि कीस यंत्र थांबवून ब्रशने काढावा, हे मत ग्राह्य वाटते. सैल बाह्या, ओढणी, मोकळे केस व अंगठ्या यांनाही हेच लागू.

भारतीय कायद्यातील तरतूद दुहेरी होती. १९४८ च्या कारखाना अधिनियमाचे कलम २१ धोकादायक भागांना कुंपण घालण्यास सांगत होते, तर कलम ३५ उडणाऱ्या कणांपासून डोळ्यांच्या रक्षणासाठी पडदे किंवा गॉगल यांचे नियम करण्याचा अधिकार राज्य शासनाला देत होते. ही विभागणी निरर्थक नव्हती. ब्रिटनमधील ‘क्लोज विरुद्ध स्टील कंपनी ऑफ वेल्स’ या खटल्यात ड्रिल फुटून त्याचा तुकडा कामगाराच्या डोळ्यात गेला होता. तेथील १९३७ च्या अधिनियमातील कुंपणाचे कलम कामगाराला यंत्रापासून दूर ठेवण्यासाठी आहे, बाहेर उडणारे तुकडे अडवण्यासाठी नव्हे, असा निर्णय हाउस ऑफ लॉर्ड्सने (तेव्हाच्या तेथील सर्वोच्च न्यायालयाने) १९६१ मध्ये दिला. हा अर्थ फार संकुचित असल्याची टीका झाली व ती रास्त वाटते. भारतात १९४८ चा अधिनियम २०२० च्या व्यावसायिक सुरक्षाविषयक संहितेत विलीन करण्यात आला असल्याने वरील कलमक्रमांक जुने समजावेत.

चकची (ड्रिल पकडणाऱ्या भागाची) चावी हातातून सोडण्यापूर्वी चकमधून काढावी. स्प्रिंगने आपोआप बाहेर पडणारी चावी अधिक चांगली. रेडियल यंत्राची (ज्यात स्पिंडल खांबाभोवती फिरणाऱ्या भुजेवर असते) भुजा स्पिंडल थांबवूनच वरखाली करावी आणि काम सुरू करण्यापूर्वी आवळावी.