४५ अंशांत फोफावणारा माठाचा भाऊबंद

मे महिन्यात घोडबंदर रोडवरच्या आमच्या गॅलरीत गुलाब अगदी अडून बसला होता. महिनाभर नवी पालवी नाही. शेजारच्या कुंडीतला माठ मात्र खुडला की आठवड्यात पुन्हा भाजीपुरता तयार. पाणी दोघांना सारखंच. कुणीतरी सुचवलं, नजर लागली असेल, लिंबू-मिरची बांधा. मिरची भाजीत घालावी. गुलाब अडतो तो पानातल्या रसायनामुळे.

हे समजून घ्यायला माठाच्या, राजगिऱ्याच्या कुळातलंच एक झुडूप बघा : टायडस्ट्रोमिया ऑब्लाँगिफोलिया. बुटकं, राखाडी लव असलेल्या पानांचं, बारीक पिवळ्या फुलांचं. राहतं कॅलिफोर्नियाच्या डेथ व्हॅलीत, जिथे १० जुलै १९१३ रोजी ५६.७ अंश सेल्सिअस तापमान नोंदलं गेलं. आणि ते वाढतं ऐन उन्हाळ्यात!

पानात कार्बन डायऑक्साइड पकडण्याचं काम रुबिस्को नावाचं विकर (एन्झाइम) करतं. उष्णता वाढली की ते चुकून ऑक्सिजनच जास्त पकडू लागतं, आणि ती चूक निस्तरण्यात झाडाची बरीच कमाई जाते. शिवाय रुबिस्कोला कामाला लावणारं त्याचं मदतनीस प्रथिन उष्णतेत लवकर बिघडतं. गुलाब आणि भात इथेच अडतात. माठाच्या कुळातल्या या मंडळींकडे तोड आहे. बाहेरच्या पेशींत दुसरंच विकर कार्बन पकडतं. ऑक्सिजनच्या नादी ते लागत नाही. त्यातून चार कार्बनांचं आम्ल बनतं, ते शिरांभोवतीच्या पेशींत जातं आणि तिथे कार्बन डायऑक्साइड सोडतं. रुबिस्को नेमकं तिथेच बसलेलं असतं. त्याच्याभोवती कार्बन डायऑक्साइडची इतकी दाटी होते की चुकायला वावच उरत नाही. हिरव्या माठाचं पान उजेडासमोर धरून भिंगातून पाहा, बारीक शिरांचं जाळं गडद हिरवं दिसेल. तीच ही पेशींची रांग.

टायडस्ट्रोमिया याही पुढे जातं. मिशिगन स्टेट युनिव्हर्सिटीच्या संशोधकांनी २०२५ मध्ये दाखवलं, की डेथ व्हॅलीसारख्या उन्हात ठेवल्यावर दोन आठवड्यांत त्याचं प्रकाशसंश्लेषण ४५ अंशांना सर्वांत जोमात चालू लागतं. तंतुकणिका (पेशीला ऊर्जा पुरवणारे कण) हरितलवकांजवळ, म्हणजे प्रकाशसंश्लेषण करणाऱ्या हिरव्या कणांजवळ, सरकतात, आणि हरितलवकं चक्क वाटीसारखा आकार घेतात. दहा दिवसांत झाडाचं वजन तिप्पट!

यावरून ‘आता उष्णतेला न जुमानणारा भात येणार’ असे मथळे झळकतील, त्यांना भुलू नका. एखादं जनुक उचलून भातात टाकण्याइतकं हे सोपं नाही. दोन प्रकारच्या पेशींतली कामाची वाटणी, त्यांच्यातली ने-आण, शिरांची दाटी, सगळंच भातात नव्याने घडवावं लागेल.