फोडून पाहण्याची परवानगी : सायबर सुरक्षेच्या प्रात्यक्षिकांची पार्श्वभूमी

महाराष्ट्रात संगणक शाखेची पदविका किंवा पदवी घेतलेल्या अनेकांना सुरक्षा या विषयाचे प्रॅक्टिकल म्हणून सीझर सायफर आणि रेल फेन्स या सांकेतिक लिपीच्या जुन्या पद्धतींचे प्रोग्रॅम आठवतात. प्रोग्रॅम चालवायचा, आउटपुटची प्रिंट जर्नलला चिकटवायची, सरांची सही घ्यायची आणि सबमिशनच्या आठवड्यात फाईल पूर्ण करायची. सोलापूरही याला अपवाद नव्हते. विषय शिकवला गेला नाही असे नव्हे. पण कुलूप कसे फुटते हे न पाहताच कुलपांचे प्रकार पाठ करावे, तशी त्याची गत झाली. यात शिक्षकांचा आळस कमी आणि इतिहास जास्त होता. सुरक्षितता हाताने शिकायची तर हल्ला करून पाहावा लागतो, आणि हल्ला करून पाहायला बंदिस्त जागा लागते. ती जागा घडवण्यात जगभरातल्या विद्यापीठांची दोन दशके गेली.

या कथेच्या प्रारंभी एक विद्यार्थीच आहे. २ नोव्हेंबर १९८८ रोजी कॉर्नेल विद्यापीठात शिकणाऱ्या रॉबर्ट मॉरिस याने स्वतःच्या प्रती काढत पसरणारा प्रोग्रॅम इंटरनेटवर सोडला. सेंडमेल या ईमेल पोहोचवणाऱ्या प्रोग्रॅममधली उघडी राहिलेली डिबग (चुका शोधण्याची) सोय, वापरकर्त्यांची माहिती देणाऱ्या फिंगर सेवेतला बफर ओव्हरफ्लो (ठरलेल्या जागेबाहेर मजकूर सांडण्याचा दोष) आणि लोकांचे सोपे पासवर्ड अशा वाटांनी तो यंत्रांत शिरला. त्या वेळच्या अंदाजानुसार सुमारे ६,००० यंत्रे बाधित झाली. मॉरिसला पुढे तीन वर्षांची परिवीक्षा, ४०० तास समाजसेवा आणि दंड अशी शिक्षा झाली. त्याच महिन्यात कार्नेगी मेलन विद्यापीठात पहिले आपत्कालीन प्रतिसाद केंद्र, म्हणजे सर्ट, उभे राहिले. या प्रकरणातून शिक्षणक्षेत्रासाठी मात्र एक अडचणीचा प्रश्न उरला : मॉरिसने वापरलेल्या युक्त्या वर्गात समजावून सांगायच्या की नाहीत?

नव्वदच्या दशकात या प्रश्नावर एकमत झाले नाही. १९९५ मध्ये डॅन फार्मर आणि वित्से वेनेमा यांनी संगणकांच्या जाळ्यातील कमकुवत जागा शोधणारे सॅटन हे साधन सर्वांसाठी खुले केले, तेव्हा चोरांच्या हाती किल्ली दिल्याची ओरड झाली. २००३ मध्ये कॅनडातील कॅलगरी विद्यापीठाने विद्यार्थ्यांना व्हायरस लिहायला लावणारा अभ्यासक्रम जाहीर केला, तेव्हाही अँटिव्हायरस कंपन्यांनी जाहीर विरोध केला. विद्यापीठाने अभ्यासक्रम मागे घेतला नाही. बाहेरच्या जाळ्यापासून तोडलेल्या प्रयोगशाळेत तो चालवला. माझ्या मते या विषयाच्या अध्यापनातला खरा तोडगा तोच होता. काय शिकवायचे यावरचा वाद भिंत कुठे घालायची या प्रश्नाने मिटला.

दरम्यान, दुसऱ्या वाटेने स्पर्धांची परंपरा रुजत होती. डेफ कॉन या हॅकर संमेलनात १९९६ पासून झेंडा पळवण्याचा खेळ, म्हणजे प्रतिस्पर्ध्याच्या संगणकात शिरून तिथली खूण मिळवण्याची स्पर्धा, सुरू झाला. २००१ मध्ये अमेरिकेच्या लष्करी अकादम्यांमध्ये सायबर संरक्षणाचा सराव सुरू झाला. त्यात विद्यार्थ्यांनी स्वतः उभारलेले जाळे बाहेरच्या हल्लेखोर चमूपासून सांभाळायचे होते.

भिंत घालायची तर वेगळी खोली, वेगळी यंत्रे, वेगळे स्विच आणि प्रत्येक प्रयोगानंतर सगळे पुसून नव्याने प्रणाली बसवणारा माणूस लागे. इतका खर्च मोजक्या विद्यापीठांनाच झेपत असे. १९९९ मध्ये व्हीएमवेअरने साध्या संगणकावर चालणारे आभासी यंत्राचे, म्हणजे एका संगणकाच्या आत दुसरा संगणक चालवण्याचे, सॉफ्टवेअर बाजारात आणले, पुढे व्हर्च्युअलबॉक्स हे तसेच सॉफ्टवेअर मोफत मिळू लागले, आणि अख्खी प्रयोगशाळा एका फाईलमध्ये मावू लागली. यंत्र बिघडले तर आधी साठवलेली स्थिती परत आणायची, एवढेच काम उरले. याच सोयीवर सिराक्यूस विद्यापीठातील प्राध्यापक वेनलियांग दू यांनी २००२ पासून सीड हा प्रात्यक्षिकांचा संच विकसित केला आणि तो सर्वांसाठी खुला ठेवला.

या संचातले बफर ओव्हरफ्लोचे प्रात्यक्षिक जरा जवळून पाहण्यासारखे आहे, कारण मॉरिसची एक युक्ती त्यात टेबलावर येते. सी भाषेतला एक छोटा प्रोग्रॅम लहान जागेत मोठा मजकूर भरतो. मजकूर बाजूला सांडतो आणि फंक्शन संपल्यावर कुठे परतायचे तो पत्ताच बदलून जातो. विद्यार्थ्याने आधी तीन संरक्षणे बंद करायची असतात : मेमरीतल्या पत्त्यांची दर वेळी होणारी सरमिसळ, कंपायलरने ठेवलेला पहारा आणि स्टॅकवरील (फंक्शनचा मजकूर व परतीचा पत्ता असलेल्या मेमरीतील) सूचना चालवण्यावरील बंदी. हल्ला साधला की रूटचे, म्हणजे यंत्रावरचे सर्वोच्च, अधिकार हाती येतात. मग एकेक संरक्षण पुन्हा चालू करून काय अडते ते पाहायचे. ३२ बिटांच्या लिनक्सवर पत्त्यांच्या सरमिसळीत स्टॅकसाठी ५,२४,२८८ शक्यता असतात. ऐकायला मोठा वाटणारा हा आकडा पुन्हा पुन्हा प्रयत्न करणाऱ्या छोट्या लूपसमोर फार काळ टिकत नाही, हे विद्यार्थी स्वतःच्या पडद्यावर पाहतो. जर्नलमधल्या व्याख्येतून हे कळत नाही.

भारतात आधी कायदा आला. माहिती तंत्रज्ञान कायदा १७ ऑक्टोबर २००० पासून लागू झाला आणि मालकाच्या परवानगीवाचून संगणकात शिरणे त्याच्या कलम ४३ च्या कक्षेत आले. २००८ च्या दुरुस्तीनंतर तेच कृत्य अप्रामाणिकपणे केल्यास कलम ६६ नुसार तीन वर्षांपर्यंत कैद होऊ शकते. त्यामुळे आपल्याकडे बंदिस्त प्रयोगशाळा ही विद्यार्थ्याची कायदेशीर गरजही ठरली. जानेवारी २००४ मध्ये सर्ट-इन हे भारताचे सर्ट कार्यरत झाले, २००५ मध्ये केंद्र सरकारचा माहिती सुरक्षा शिक्षण व जागरूकता प्रकल्प सुरू झाला, आणि २०१३ च्या राष्ट्रीय धोरणाने पाच वर्षांत पाच लाख कुशल माणसे घडवण्याचे उद्दिष्ट लिहून ठेवले.

सोलापूरचा शैक्षणिक नकाशाही याच काळात बदलला. १९८३ मध्ये सुरू झालेली वालचंद तंत्रशास्त्र संस्था आणि जिल्ह्यातील इतर महाविद्यालये तोवर कोल्हापूरच्या शिवाजी विद्यापीठाला जोडलेली होती. १ ऑगस्ट २००४ रोजी एकाच जिल्ह्यासाठी सोलापूर विद्यापीठ स्थापन झाले आणि २०१९ मध्ये त्याला पुण्यश्लोक अहिल्यादेवी होळकर यांचे नाव मिळाले. अभ्यासक्रम ठरवणारी मंडळे केगावच्या आवारात आली, तरी या विषयाची हाताने शिकण्याची हौस असलेल्या मुलांना बराच काळ पुण्याच्या क्लासची वाट धरावी लागे. आता ८ जीबी मेमरीच्या साध्या संगणकावर हल्ला करणारे आणि हल्ला सोसणारे अशी दोन आभासी यंत्रे चालतात, आणि त्यांना केवळ एकमेकांशी जोडणारे अंतर्गत जाळे काही क्लिकमध्ये तयार होते. महाविद्यालयाच्या वायफायला धक्का लागत नाही.

गरज किती खरी आहे हे पुण्यातच दिसले. ऑगस्ट २०१८ मध्ये कॉसमॉस सहकारी बँकेच्या प्रणालीत शिरून, बनावट कार्डांनी देशविदेशांतील एटीएममधून आणि स्विफ्ट या बँकांमधल्या आंतरराष्ट्रीय संदेशयंत्रणेच्या मार्गाने ९४ कोटींहून अधिक रुपये पळवले गेले. रिझर्व्ह बँकेने त्याच वर्षी नागरी सहकारी बँकांसाठी मूलभूत सायबर सुरक्षा नियम काढले आणि ३१ डिसेंबर २०१९ रोजी चार स्तरांची चौकट लागू केली. सहकारी बँका आणि पतसंस्थांचे दाट जाळे असलेल्या सोलापूरसारख्या जिल्ह्यात लॉग, म्हणजे यंत्रांवरील घडामोडींच्या नोंदी, वाचू शकणारा माणूस ही आता चैन राहिलेली नाही.

विद्यापीठ अनुदान आयोगाने २०२२ मध्ये पदवी आणि पदव्युत्तर स्तरांसाठी सायबर सुरक्षेचा अभ्यासक्रम जाहीर केला. यंत्रे, साधने आणि खुले प्रयोगसंच हे सर्व आता हाताशी आहे. अडते ते परीक्षेत. एक्स्टर्नल परीक्षक अजूनही पूर्ण जर्नल आणि अपेक्षित आउटपुट मागतो, आणि तीन तास झगडूनही जिचा हल्ला फसला, पण तो का फसला हे जिला नेमके सांगता येते, त्या मुलीला किती गुण द्यायचे याचा रकाना गुणपत्रकात बहुधा नसतो.