छाती भरून येते, ईसीजी नॉर्मल

आपल्याकडे मनाचं दुखणं बहुतेक वेळा शरीराच्या नावावर खपतं. समजा, पारोळ्याकडचा पन्नाशीतला कापसाचा शेतकरी आहे. रात्री दोनला दचकून जाग येते, जीव घाबरा होतो, छाती भरून येते. ईसीजी नॉर्मल, टूडी इको नॉर्मल. मग 'टेन्शन घेऊ नका' म्हणून घरी पाठवतात. जसं काही त्याने ते कृषी केंद्रातून उधारीवर आणलं होतं!

असा माणूस सखोल काम करणाऱ्या, म्हणजे त्रासाच्या मुळाशी जाणाऱ्या समुपदेशकाकडे गेला, तरी पहिल्याच भेटीत त्याच्या बालपणाचा विषय निघेल असं नाही. आधी चौकशी होते ती थायरॉइड, हिमोग्लोबिन, बी-१२ तपासलं का याची. थायरॉइड जास्त झालं तरी अशीच धडधड होते. कमी पडलं तर माणूस मरगळतो, उदास दिसतो. मग झोप, तंबाखू, दारू, कर्ज, घरातली माणसं. आजाराकडे शरीर, मन आणि समाज या तिन्ही अंगांनी पाहायला हवं, हे अमेरिकी डॉक्टर जॉर्ज एंगल यांनी १९७७ मध्ये 'सायन्स' या नियतकालिकात मांडलं. समग्र म्हणतात ते हे. (हल्ली खडे आणि तेलं विकणारेही हाच शब्द वापरतात, ते सोडा.)

कापूस पट्ट्यात आणखी एक प्रश्न टाळून चालत नाही: फवारणीचं औषध घरात कुठे ठेवता? जीव द्यावासा वाटतो का, असं सरळ विचारल्याने तो विचार कुणाच्या डोक्यात भरत नाही. उत्तर 'हो' आलं, तर आधी ती बाटली घरातून हलवायची आणि मानसोपचारतज्ज्ञाला गाठायचं. टेली-मानस या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनचा १४४१६ हा नंबर चोवीस तास चालू असतो. बाकीचं सगळं त्यानंतर.

आता खोलात जाण्याबद्दल. लोकांना वाटतं, म्हणजे जुनं उकरून काढायचं. प्रत्यक्षात बरंचसं काम समोर जे घडतंय त्यावर चालतं. आपला शेतकरी दर वेळी आल्या आल्या म्हणतो, 'तुमचा टाइम खोटी करतोय.' पाऊण तास बोंडअळी आणि भाव. उठून चपला घालता घालता दारातून सांगतो, 'पोरगा सुरतला निघून गेला.' पुढच्या भेटीत समुपदेशक हेच त्याच्यापुढे ठेवतो: मुद्द्याचं बोलणं दर वेळी दारातच का? हळूहळू कळतं, की बाप अंथरुणाला खिळला तेव्हा चौदाव्या वर्षी घर याच्या अंगावर पडलं. आपलं दुखणं कुणाला सांगायचं नाही, ही सवय तेव्हाची. जुन्या नात्यांतली अशी रीत माणूस उपचार करणाऱ्याशी वागतानाही आणतो, हे फ्रॉइडच्या ध्यानात आलं होतं. त्याला ट्रान्सफरन्स म्हणतात. एखाद्या दिवशी हा माणूस समुपदेशकावर चिडतो, तरी नातं तुटत नाही. मला विचाराल तर शंभर सल्ल्यांपेक्षा यात जास्त दम आहे.

पुरावा आहे का? जोनाथन शेडलर या मानसशास्त्रज्ञाने २०१० मध्ये अशा सखोल (सायकोडायनॅमिक) उपचारांवरच्या संशोधनाचा आढावा घेतला. उपचार थांबल्यावरही फायदा टिकतो, वाढतोही, असं त्यात दिसलं. रात्रीची घबराट लवकर आटोक्यात आणायला सीबीटी, म्हणजे विचार आणि वागण्याच्या सवयी बदलणारी उपचारपद्धतीही उपयोगी पडते. इथे पंथ पाळण्यात अर्थ नाही.

खानदेशात भाषेकडेही लक्ष हवं. २००३ मध्ये तुर्की मातृभाषा असलेल्या, पण इंग्रजीही येणाऱ्या लोकांवर एक प्रयोग झाला. लहानपणी खाल्लेली बोलणी तुर्कीत ऐकताना त्यांच्या त्वचेची विद्युतवाहकता इंग्रजीपेक्षा जास्त बदलली. म्हणजे घाम फुटला तो आईच्या भाषेत. घरी अहिराणी बोलणारा माणूस प्रमाण मराठीत 'तसं सगळं ठीक आहे' म्हणून मोकळा होतो. समुपदेशकाला अस्खलित अहिराणी बोलता आली नाही तरी चालेल, समजली पाहिजे. 'तुमनी भाषामा सांगा' एवढं तर कुणालाही म्हणता येतं.