कार्ड हजर, ड्रायव्हर हजर, नेट मात्र गैरहजर

गेल्या पावसाळ्यात गिरगावातल्या आमच्या चाळीत शेजारच्या मुलाने लॅमिंग्टन रोडवरून एक जुना लॅपटॉप आणला आणि पेनड्राइव्हवर पडून असलेली लिनक्स या संगणकप्रणालीची एक जुनी आवृत्ती त्यावर टाकली. बाकी सगळे सुरळीत झाले, फक्त वायफायच्या यादीत एकही नाव येईना. “काका, ड्रायव्हर नाहीये,” असे निदान त्याने दारातूनच सांगितले. बहुतेक जण हेच निदान करतात आणि बऱ्याचदा ते अपुरे असते, कारण वायफायचे कार्ड आणि इंटरनेट यांच्यामध्ये ड्रायव्हर, म्हणजे ते कार्ड चालवणारा प्रोग्रॅम, ही एकच कडी नसते.

संगणक सुरू होताना कर्नल, म्हणजे प्रणालीचा गाभा, पीसीआय किंवा यूएसबी बसवरच्या (उपकरणे जोडणाऱ्या मार्गांवरच्या) प्रत्येक उपकरणाला त्याची ओळख विचारतो आणि उपकरण दोन क्रमांक सांगते, एक उत्पादकाचा आणि दुसरा त्या उपकरणाचा. इंटेलचा पीसीआय क्रमांक ८०८६ आहे, म्हणजे १९७८ साली आलेल्या तिच्याच प्रोसेसरचे नाव. रिअलटेकचा १०ईसी, ब्रॉडकॉमचा १४ई४. प्रत्येक ड्रायव्हरपाशी त्याला चालवता येणाऱ्या क्रमांकांची यादी असते आणि जुळणी झाली की तो त्या उपकरणाचा ताबा घेतो. खोक्यावरचे नाव या व्यवहारात कुठेच येत नाही. टीपी-लिंकच्या टीएल-डब्ल्यूएन७२२एन या डोंगलच्या (यूएसबीत खोचायच्या वायफाय कार्डाच्या) पहिल्या आवृत्तीत अथेरॉसची चिप होती, दुसऱ्या आवृत्तीत रिअलटेकची आली. नाव तेच राहिले, लागणारा ड्रायव्हर मात्र पूर्ण वेगळा. तेव्हा डोंगल घेताना खोके उलटे करून बारीक अक्षरांतली आवृत्तीही वाचावी.

ताबा घेतला गेला की नाही, हे प्रत्येक प्रणाली आपापल्या भाषेत सांगते. लिनक्सवर एलएसपीसीआय ही आज्ञा ‘एनएनके’ या पर्यायासह दिली, की कार्डाच्या क्रमांकांखाली वापरात असलेल्या ड्रायव्हरचे नाव येते. लिनक्ससारख्याच युनिक्सच्या वळणाच्या फ्रीबीएसडी या प्रणालीवर पीसीआयकॉन्फ या आज्ञेच्या यादीत ज्या उपकरणाला कोणी वाली नाही, त्याची ओळ ‘नन’ या शब्दाने सुरू होते, तर तिच्याच घराण्यातल्या ओपनबीएसडीच्या बूट-संदेशांत त्याच्यापुढे ‘नॉट कन्फिगर्ड’ असे लिहून येते. बीएसडी घराण्यात इंटरफेसचे, म्हणजे प्रणालीला दिसणाऱ्या नेटवर्क-जोडणीचे, नावही ड्रायव्हरवरूनच पडते, त्यामुळे ‘आरई०’ दिसले की रिअलटेकचा आरई ड्रायव्हर लागला आहे हे कळते आणि त्याच नावाचे मॅन्युअल पान उघडले की तो कोणत्या चिपा चालवतो हेही समजते. लिनक्सचे ‘ईएनपी३एस०’ हे नाव कार्ड तिसऱ्या बसवर शून्य क्रमांकाच्या खाचेत बसले आहे, एवढेच सांगते. रोज लिनक्स वापरत असूनही मला बीएसडीची रीत अधिक सरळ वाटते. अर्थात तिथेही एक चकवा आहे: फ्रीबीएसडीच्या ११व्या आवृत्तीपासून वायफायचे मूळ कार्ड आयएफकॉन्फिग या आज्ञेने येणाऱ्या इंटरफेसच्या यादीत दिसत नाही, त्यावर ‘डब्ल्यूलॅन०’ हा इंटरफेस आपण निर्माण करावा लागतो, आणि हे ठाऊक नसलेला माणूस आधीच चालू असलेला ड्रायव्हर शोधत बसतो.

आमच्या लॅपटॉपवर ड्रायव्हर इमानाने कामाला लागला होता. डीमेसेज या आज्ञेने कर्नलची नोंदवही उघडली, तेव्हा फर्मवेअरची अमुक फाइल चढवता आली नाही, अशी ओळ सापडली आणि तिच्या शेवटी कंसात उणे २ हा आकडा होता. युनिक्सच्या परंपरेत २ क्रमांकाची चूक म्हणजे ‘अशी फाइलच नाही’. वायफायच्या चिपमध्ये स्वतःचा छोटा प्रोसेसर असतो आणि त्याने चालवायचा प्रोग्रॅम, म्हणजे फर्मवेअर, अनेक चिपा कायमचा साठवून ठेवत नाहीत. तो दर वेळी ड्रायव्हरने डिस्कवरून वाचून त्यांना द्यावा लागतो. ड्रायव्हर मुक्त स्रोत असला, तरी हे फर्मवेअर बहुधा उत्पादकाच्या मालकीचे असते, म्हणून काही प्रणाली ते आपल्या मूळ संचापासून वेगळे ठेवत आल्या. लिनक्सवर उभ्या असलेल्या डेबियन या प्रणालीने २०२२ साली सदस्यांचे मतदान घेऊन धोरण बदलले आणि २०२३ च्या जूनमध्ये आलेल्या १२व्या आवृत्तीपासून असे फर्मवेअर अधिकृत संचातच मिळू लागले. ओपनबीएसडी मात्र अजूनही असे बरेचसे फर्मवेअर एफडब्ल्यू-अपडेट या आज्ञेने वेगळे उतरवून घेते.

फर्मवेअर उतरवायला नेट हवे आणि नेटसाठी फर्मवेअर, असा हा पेच असतो. त्यातून सुटायला फोन पुरतो. अँड्रॉइड फोन तारेने जोडून यूएसबी टिदरिंग, म्हणजे फोनचे नेट संगणकाला देण्याची सोय, सुरू केले, की तो संगणकाला साधे नेटवर्क कार्ड म्हणून दिसतो आणि त्यासाठीचा ड्रायव्हर लिनक्समध्ये तसाच दोन्ही बीएसडींमध्ये आधीपासून असतो. वेगळे फर्मवेअर लागत नाही. मुलाने तसे करून फर्मवेअरचे पॅकेज उतरवले आणि लॅपटॉप पुन्हा सुरू केला. या वेळी डीमेसेजमध्ये तक्रार नव्हती, इंटरफेसही उभा होता, तरी यादी रिकामीच. मग वायफाय कुठे रोखले आहे का ते सांगणारी आरएफकिल ही आज्ञा दिली, तर वायफायपुढे ‘हार्ड ब्लॉक्ड: येस’, म्हणजे यंत्रावरच्या बटणानेच बंद. लॅपटॉपच्या कडेला एक बारीक सरकते बटण होते, ते आधीच्या मालकाने बंद करून ठेवले होते.